‘सोडू’ आणि ‘नकोस’ यांच्यामध्ये अडकलेला डाव्या

डाव्याचा डावा पाय बुटांच्या दुकानात नोकरीला होता. उरलेला डाव्या रोज त्याच्यासोबत जायचा, इतकंच.

म्हणजे हजेरी माणसाचीच लागायची, पण मालकाने नोकरी दिली ती पायाला. मुलाखत चालू असताना मालकाच्या कोपराचा धक्का लागून टेबलावरची पॉलिशची डबी पडली. समोर बसलेल्या उमेदवाराने बोलणं न थांबवता, खाली न बघता डावा पाय पुढे केला. डबी अलगद पावलावर उतरली, पावलावरून फरशीवर आली आणि शहाण्या मांजरासारखी गप्प बसली. मालक उठला, टेबलाला वळसा घालून आला, आधी डबीकडे बघितलं, मग पायाकडे, आणि म्हणाला, “उद्यापासून या.”

“पण माझा अनुभव अजून सांगायचाय...”

“सांगितला की तुमच्या पायाने!”

गंमत अशी की डाव्याला स्वतःला याचा पत्ताच नव्हता. डबी कुठे गेली म्हणून तोच वाकून शोधायला लागला आणि ती आपल्याच बुटापाशी बघून ओशाळला. पुढे दुकानात हे रोजचं झालं. शिडीवरून खोकं निसटायचं, गिऱ्हाइकाच्या हातून किल्ल्या सुटायच्या, एखाद्या लहानग्याच्या तोंडातलं चोखणं घरंगळायचं. डाव्या गिऱ्हाइकाशी बोलत असायचा आणि पाय परस्पर कामगिरी उरकून यायचा. पायात सळई होती, चालताना तो जरा तिरका पडायचा, जिना चढताना कुरकुर करायचा. त्याचं धावणं गेलं होतं, अडवणं राहिलं होतं.

बाकी डाव्या कामाला चोख होता. गिऱ्हाइकासमोर बुटक्या स्टुलावर बसून तो बुटाच्या टोकावर अंगठा दाबायचा आणि डोळे मिटून त्या माणसाचं फुटबॉलमधलं भविष्य सांगायचा, म्हणजे जे व्हायला हवं होतं ते. एकदा एका पोटसुटल्या कारकुनाला म्हणाला, “काका, तुम्ही मागे खेळायला हवं होतं. टाच बघा तुमची, खांब आहे खांब. तुमच्या बाजूने कोणी जाऊ शकलं नसतं.”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात त्यांच्या टाचेला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. बूट चावत होते, तरी घेऊन गेले.

दुकानात येण्याआधी हा पाय मैदानात होता. डाव्या बाजूने तो चेंडू घेऊन निघाला की समोरचे खेळाडू अडवायला यायचे आणि मग आपण कशासाठी आलो होतो ते विसरल्यासारखे उभे राहायचे. नाव पडलं ते तिथेच. खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्याला माहीत होतं.

त्याच संघात त्याचा थोरला भाऊ गोलकीपर होता. घरात तो दादा, बाहेर भोंगा. दादाचा आवाज असा की त्याला गावातल्या बसस्थानकावर गाड्या पुकारायची नोकरी होती आणि एकदा आठवडाभर माईक बिघडला होता हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मैदानावर उंच चेंडू आला की दादा ओरडायचा, “सोड! माझा!” मग पुढे कोणीही असो, चेंडू सोडायचा. एकदा तर समोरच्या संघाच्या खेळाडूने सोडला आणि आपल्याच पोरांच्या शिव्या खाल्ल्या.

ही हाक घरीही चालायची. चहाच्या बशीत शेवटचं बिस्कीट उरलं की, “सोड! माझा!” बिस्किटाला खरं तर ‘माझं’ म्हणायला हवं, पण दादाला व्याकरणापेक्षा बिस्कीट जवळचं. आणि डाव्याचा पुढे गेलेला हात आपोआप मागे यायचा. वळणच पडलं होतं तसं.

मग एक दिवस मोठ्या शहरातल्या मोठ्या संघाचं डाव्याला बोलावणं आलं. बॅग भरून दाराशी ठेवली गेली. आई त्या बॅगेकडे दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “जाण्याआधी माझं कपाट तेवढं वरच्या मजल्यावरून खाली आणून दे. एकदा गेलास की कुठला हाती लागतोस तू!”

आईचे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून ती खालच्या खोलीत राहायला आली होती. तिचं कपाट मात्र वरच होतं. लोखंडी, दारावर आरसा, आणि वजनाला एखाद्या लहान सरकारी कचेरीइतकं.

“आधी रिकामं करूया,” दादा म्हणाला.

“काही नको. घड्या मोडतील.”

“अगं आई, कंबरडं मोडेल आमचं!”

“कंबरडं बसवता येतं. घडी परत तशी बसत नाही.”

तेव्हा घड्यांसकट कपाट निघालं. दादा वरच्या बाजूला, डाव्या खालच्या, तोंड कपाटाकडे आणि पाठ उताराकडे. जिना मध्यावर वळतो त्या चौकोनी टप्प्याशी कपाट आलं आणि त्याला अचानक हिसका बसला. दादा जिवाच्या आकांताने ओरडला, “सोडू नकोस!” आणि दुसऱ्याच क्षणी कपाट डाव्याच्या डाव्या पायावर होतं.

दवाखान्यात पायाचं चित्र काढलं तेव्हा डॉक्टर बराच वेळ ते उजेडासमोर धरून उभे होते, कोडं उलटं धरलंय का बघत असावेत तसे. शस्त्रक्रिया झाली, सळई बसली. डाव्या अर्धवट शुद्धीत नुसता एकच घोष करायचा, “गोळी... गोळी...” परिचारिका धावत यायची आणि दुखण्यावरची गोळी द्यायची. तो ती गिळायचा आणि परत, “गोळी गेली... गोळी कुठंय?”

“आत्ताच दिली ना बाळा!” परिचारिका म्हणायची. शेवटी ती आईला म्हणाली, “गोळ्या इतक्या आवडीने मागणारा पहिलाच बघितला.”

पूर्ण शुद्धीवर आला तेव्हा त्याला कपाट नेमकं कसं पडलं यातलं काही आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, “चालशील तू. धावायचं मात्र आता डोक्यातून काढ.” डाव्याने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. आईने घरी जाऊन दाराजवळची बॅग उघडली आणि एकेक कपडा बाहेर काढला. त्यांच्या घड्या अजून तशाच होत्या.

दवाखान्यात भेटायला आलेल्यांत शेजारचे मास्तर होते. निवृत्त झाले होते, पण व्याकरण निवृत्त होत नाही. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, दादाला विचारलं, “तुझे नेमके शब्द काय होते?” आणि खुर्चीत मागे रेलून निकाल दिला.

“दोष कोणाचाच नाही. दोष भाषेचा आहे. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेपटीला असतो. तू म्हणालास ‘सोडू’. मैदानात इतकी वर्षं ‘सोड’ ऐकलेला मुलगा, त्याने सोडलं. ‘नकोस’ पोचायच्या आत कपाट पोचलं होतं.”

सगळ्यांना पटलं. डाव्यालाही पटलं, आठवत काहीच नव्हतं, मग जे मिळालं ते त्याने घेतलं. सगळ्यांत जास्त पटलं ते दादाला, आणि मास्तरांना वाटलं होतं तसा भाषेचा दोष त्याने भाषेकडे राहू दिला नाही. घरी नेला.

त्या दिवसापासून दादा नकार आधी लावायला लागला. “नको घालूस साखर.” “नको विसरूस छत्री.” “नाही मी येणार.” बसस्थानकावरही तेच. अमुक गाडी येणार नाही असं पुकारायचं असलं की त्याला घाम फुटायचा; ‘येणार’ ऐकून माणसं सामान उचलून धावली आणि ‘नाही’ मागून आलं तर? म्हणून तो आधी “नाही! नाही! नाही!” असं तीनदा पुकारायचा आणि मग गाडीचं नाव घ्यायचा. स्थानकावरची माणसं दचकून एकमेकांकडे बघायची, कोणी काय मागितलं म्हणून. शेवटी त्याने स्वतःच अर्ज केला आणि हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बदली करून घेतली. तिथे हळू बोललं तरी चालतं. गोलकीपरचे हातमोजे त्याने तिथल्याच एका फळीवर नेऊन ठेवले. न्यायला कोणी आलं नाही.

आणि भोंगा बंद झाला. दादा बोलायचा ते कुजबुजल्यासारखं. चहाच्या बशीतलं शेवटचं बिस्कीट तो न बोलता डाव्याकडे सरकवायचा. वाऱ्याची जागा डाव्याला, पहिलं गरम पाणी डाव्याला, वर्तमानपत्रातलं खेळाचं पान डाव्याला. डाव्याने सुरुवातीला हे सगळं हक्काने घेतलं, नाही असं नाही. उशी जरा सरली तरी तो पायाकडे बघून उसासा टाकायचा आणि दादा दुसरी उशी घेऊन हजर. पण पुढे पुढे त्याला ते बिस्कीट घशाखाली उतरेना. घर इतकं शांत झालं होतं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. “दादा, अरे ओरड की एकदा,” तो म्हणायचा, “गेलं ते गेलं.” दादा हसून मान खाली घालायचा आणि खेळाचं पान पुढे करायचा.

कपाट? कपाट जिन्याच्या मधल्या टप्प्यावरच उभं राहिलं. पायावरून उचलून चार शेजाऱ्यांनी ते तिथे उभं केलं आणि नंतर त्याला हात लावायची भाषा कोणी काढली नाही. दाराचा एक कोपरा चेपला होता, त्यामुळे ते नीट मिटायचं नाही. आई कपड्यांसाठी अर्धा जिना चढायची आणि अर्धा उतरायची. गुडघ्यांना तिने ‘निम्मं तर निम्मं’ असं समजावलं होतं. बाकीचे सगळे कपाट आणि भिंत यांच्या फटीतून तिरके होऊन जायचे. घरी पाहुणा आला की त्याला जिन्याखालीच सांगायचं, “वर जाताना श्वास घ्यायचा आणि तिथेच ठेवायचा.”

मग डाव्याचं लग्न झालं. बायको शिडशिडीत होती आणि फटीतून सरळसोट जायची, म्हणून कपाटाचा विषय निघाला नाही. विषय निघाला तो तिला दिवस गेल्यावर. बाळ पोटात वाढत होतं आणि फट काही वाढत नव्हती. एका सकाळी ती खाली यायला निघाली आणि मधल्या टप्प्यावर अडकली. पुढे आरसा, मागे भिंत. आरशात तिचा चेहरा आणि चेहऱ्यामागे, आंघोळीला वर निघालेला दादा, हातात टॉवेल.

“दादा, एक विचारू?” ती आरशातूनच म्हणाली.

“नको घाबरूस,” दादा कुजबुजला.

“घाबरत नाहीये. नावाचं विचारतेय. बाळ इथेच झालं तर नाव काय ठेवायचं? आरसा की बिजागरी?”

आईने खालून हात दिला, दादाने कपाट बोटभर रेटलं, आणि ती सुटली. पण त्या दिवशी घरात ठरलं की कपाट हलवायचं. हमाल बोलावले. त्यांनी कपाट बघितलं, वळण बघितलं, आणि म्हणाले, “कापावं लागेल.”

“आधी मला कापा,” आई म्हणाली. हमाल चहा पिऊन गेले.

“मग काय करायचं?” डाव्या म्हणाला.

“ज्यांनी आणून ठेवलंय त्यांनी न्यायचं,” आई म्हणाली. “वळण तुम्हा दोघांनाच ठाऊक आहे.”

दादा पांढराफटक पडला. “नाही. नाही मी. नाही त्याच्याबरोबर.” आणि उठून बाहेर गेला.

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर जाऊन बसला. डाव्याच्या बायकोने त्याच्यामागे जाऊन, कमरेवर हात ठेवून, शांतपणे सांगितलं, “दादा, तुम्ही उचलणार नसाल तर हे एकटे उचलतील. तुम्हाला माहितीये ते तसे आहेत. मग तुम्ही कुठल्या खिडकीत बदली मागणार?”

दादाने वर कपाटाकडे बघितलं. मग म्हणाला, “मी खालच्या बाजूला. तो वर. नाही तर नाही.”

रविवारी दादा कामावरून हातमोजे घेऊन आला. हरवलेल्या सामानाचा नियम असा की ओळख पटवल्याशिवाय वस्तू देत नाहीत, तेव्हा त्याने खिडकीच्या आतून स्वतःला ओळख विचारली होती आणि बाहेर येऊन ती पटवली होती. मोजे जरा आखडले होते, पण बोटांत बसले.

या वेळी आईने कपाट रिकामं केलं. “सगळं काढलं ना?” असं तिला सगळ्यांनी आळीपाळीने विचारलं आणि तिने आळीपाळीने डोळे वटारले. चेपल्या कोपऱ्याचं दार दोरीने बांधलं. बायको वरच्या पायरीवर उभी राहिली, आई खाली. मास्तर खिडकीतून बघत होते.

“मास्तर, आज व्याकरण नको,” बायकोने आधीच सांगितलं.

दोघांनी कपाट आडवं केलं आणि उचललं. दादा पाठीने एकेक पायरी उतरत होता आणि कुजबुजत होता, “नको सोडूस. नको सोडूस. नको सोडूस.” जपच चालला होता. डाव्या म्हणाला, “अरे नाही सोडत, बाबा!” वळण सुटलं. अर्धा जिना राहिला.

आणि कपाटाच्या आत काहीतरी घरंगळलं. आईने कपडे काढले होते, चादरी काढल्या होत्या, कागदही काढले होते. मात्र किडीसाठी टाकलेल्या डांबराच्या गोळ्या म्हणजे काही सामान नव्हे, म्हणून त्या तशाच राहिल्या होत्या. चेपलेल्या कोपऱ्यातून एक पांढरी गोळी बाहेर डोकावली, डाव्याच्या पायरीवर पडली, टक्, आणि टप्पा घेऊन खालच्या पायरीकडे निघाली.

डाव्याचा डावा पाय गेला.

त्याला कोणी विचारलं नाही, त्याने कोणाला सांगितलं नाही. पाय पुढे गेला, गोळीवर अलगद बसला आणि गोळी जागच्या जागी मेली. फक्त डाव्याचं सगळं वजन उजव्या पायावर गेलं, हात सैल पडले आणि कपाट खाली घसरलं. दादाच्या छातीवर त्याचा धक्का बसला आणि इतक्या वर्षांचा बंद पडलेला भोंगा फुटला.

“सोडू नकोस!”

आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. समोरच्या घरात कोणाचा तरी कप पडला. आणि डाव्याच्या हातांनी ‘सोडू’ ऐकलं, ‘नकोस’ ऐकलं, आणि कपाट घट्ट धरलं. दादाने खालून खांदा दिला. हळूहळू, इंच इंच करत, त्यांनी ते पायरीवर टेकवलं.

दोघंही धापा टाकत होते. दादा कपाटावरून वाकून बघत होता.

“पायाखाली काय आहे तुझ्या?”

“कुठे काय?”

“उचल पाय.”

डाव्याने पाय उचलला. सपातेखाली चिरडलेली गोळी होती. तिचा तो उग्र वास वर आला, आणि त्या वासाबरोबर डाव्याला जिना दिसला. तोच जिना, तो खाली, दादा वर, आणि कपाटाच्या दाराच्या फटीतून निसटून टक् टक् टक् करत शेजारून उतरणारं काहीतरी पांढरं. त्या दिवशी पाय आधी गेला होता. हिसका त्या पायामुळेच बसला होता. दादा ओरडला तो हिसका बसला म्हणून.

“दादा,” तो म्हणाला, “अरे, ही गेली होती त्या दिवशी.”

“काय गेली होती?”

“गोळी!”

खाली उभ्या असलेल्या आईने कपाळाला हात लावला. “अगं बाई! म्हणजे दवाखान्यात तू गोळी गोळी करत होतास ते...”

“ही! हीच विचारत होतो मी, अडली की गेली म्हणून!”

“आणि आम्ही तुला दुखण्याच्या चारत होतो!”

दादाचा चेहरा आधी पांढरा होता, मग लाल झाला, मग असा काही झाला की त्याला रंगच नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि ज्या आवाजात एके काळी गाड्या सुटायच्या त्या आवाजात विचारलं, “म्हणजे माझ्यामुळे नाही?”

“नाही रे.”

“तू डांबराची गोळी अडवायला गेलास?”

“मी नाही. पाय गेला.”

“इतकी वर्षं मी तुला पहिलं गरम पाणी देतोय!”

“मी म्हणालो होतो का दे म्हणून?”

“उसासे कोण टाकत होतं? उशीसाठी? वाऱ्याच्या जागेसाठी? मी आधी नको लावून बोलायला लागलो, लोक मला वेडा समजायला लागले आणि तू... एका गोळीसाठी! मोठ्या संघात जाणारा माणूस तू!”

“पण अडवली की नाही?” डाव्या म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही आवरत नव्हते. “खरं सांग, बरी अडवली की नाही?”

दादाने चिरडलेल्या गोळीकडे बघितलं. त्याच्यातला गोलकीपर नको म्हणत असताना जागा झाला. “अडवलीस तशी छान,” तो म्हणाला, “पण अशा वेळी चेंडू जाऊ द्यायचा असतो रे, गाढवा!” आणि कपाटावर डोकं ठेवून इतका मोठ्याने हसला की कपाटातल्या उरलेल्या गोळ्या खडखडल्या.

खिडकीतून मास्तरांचा आवाज आला. “म्हणजे भाषा निर्दोष सुटली म्हणायची!”

“मास्तर!” वरून बायको ओरडली.

कपाट खालच्या खोलीत जाऊन एकदाचं भिंतीला लागलं. आईने त्याच्यावर हात फिरवला आणि आरशात बघून चष्मा सारखा केला. बायको जिना उतरली. मधल्या टप्प्यावर आल्यावर ती मुद्दाम थांबली, दोन्ही हात फैलावून एक गिरकी घेतली, आणि पोट पुढे करून राणीसारखी खाली आली.

चहा झाला. सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती दाटीने बसले, डाव्या अर्थातच वाऱ्याच्या जागेवर. बशीतली बिस्किटं एकेक करत संपली आणि एक उरलं. इतक्या वर्षांच्या सवयीने डाव्याने ते आपलंच समजून हात पुढे केला.

“सोड! माझा!”

खिडकीची काच थरथरली. आईचा चहा हिंदकळला. डाव्याचा हात हवेतल्या हवेत थांबला आणि जसा जायचा तसा मागे आला.